‘गप्प’ नावाची खूण

बोटीतला जुना जीपीएस टाकून द्यायला मी तयार नव्हतो. त्यात बायकोच्या खुणा होत्या.

तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. बोटीवर आम्ही दोघंच असायचो. सुकाणू माझ्याकडे, जीपीएस तिच्याकडे. जाळं कुठे टाकायचं, कुठे वळायचं, त्या प्रत्येक जागेचे आकडे तिने कागदी नकाशावरून काढून यंत्रात घातले होते आणि जागेला नाव दिलं होतं. पडदा तळहाताएवढा. त्यावर नकाशा नाही, नुसते आकडे, एक बाण आणि नाव. नावाला सहा इंग्रजी अक्षरं बसत. तेवढ्यात तिने ‘हट्ट’ बसवलं, ‘उसासा’ बसवलं. बंदरात शिरताना डावीकडे खडक आणि उजवीकडे तरंगती घंटा, यांच्या मधून वाट आहे. तिथल्या खुणेचं नाव ‘गप्प’. तिथे ती कोणाला बोलू देत नसे.

मग अँटेना बिघडला. तसला आता मिळत नाही. बोटींच्या वायरिंगची कामं माझा मेहुणाच करतो. तो म्हणाला, “दाजी, सगळं नवं घ्या. खुणा कागदावर उतरवतो आणि नव्यात घालतो.”

“मग त्या तू घातलेल्या होतील,” मी म्हटलं.

तो नवा अँटेना घेऊन आला आणि सोबत एक छोटी डबी. नवा अँटेना भरभर बोलतो, जुन्या पडद्याला सावकाश लागतं. शिवाय नव्याची वाक्यं ज्या अक्षरांनी सुरू होतात ती जुना ओळखत नाही. ही डबी मधे बसून ऐकते आणि जुन्याला कळेल असं सांगते.

“तुझ्या ताईसारखी,” मी म्हटलं. “तुमच्या आईचं बोलणं ऐकून मला सांगायची.”

“ताई निम्मं गाळायची,” तो म्हणाला. “म्हणून तुमचं घर टिकलं. ही काही गाळत नाही.”

आमचा नकाशा फार जुना, उपग्रहाच्या आकड्यांपेक्षा थोडा सरकलेला. तेवढी दुरुस्ती त्याने लॅपटॉपवरून डबीत भरली. पडदा पेटला. एकेक नाव दिसायला लागलं. धक्क्याला बोट उभी असताना ‘घर’ ही खूण बरोबर आमच्याखाली येते का, एवढं बघायचं राहिलं होतं. ते सोडून मी नावंच वाचत बसलो. मेहुण्यानेही बघितलं नाही. तो डोळे पुसत होता आणि सोल्डरचा धूर लागला म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. जाताना स्वच्छ ऊन होतं, खडक डोळ्यांना दिसत होते, पडद्याकडे कोणी बघितलं नाही. परतताना दुपारी धुकं आलं. आधी किनारा गेला, मग बोटीचं नाकही दिसेना. मी वेग कमी केला. बाण सरळ पुढे होता आणि खाली लिहिलं होतं, ‘गप्प’.

“अगदी मधोमध आहोत,” मेहुणा म्हणाला. “चला बिनधास्त. म्हणत होतात ना टाकणार नाही, बघा कसं चालतंय. अँटेना मिळत नाही म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला सांगा आता...”

“गप्प बस.”

“काय झालं?”

“इथे बोलायचं नाही.”

मी इंजिनचा गिअर काढला. बोट आपल्या ओढीने पुढे सरकत राहिली. दोघं कान देऊन उभे राहिलो. घंटा वाजत होती, पण लांब. मधोमध असतो तर ती उजव्या कानाशी वाजायला हवी होती. मग डावीकडून दुसरा आवाज आला. पाणी कशावर तरी आपटून मागे ओढलं जात होतं.

मेहुण्याने पडद्याकडे बोट दाखवलं. बाण सरळ होता. तो हळूच म्हणाला, “दाजी, मी स्वतः जोडलंय.”

मी सुकाणू पूर्ण उजवीकडे घातलं आणि गिअर टाकला. डाव्या बाजूला धुक्यात काळं काही तरी वर आलं, त्यावरून फेस ओघळला. बोटीचा मागचा भाग त्याच्याजवळून गेला. हात लांब केला असता तर लागला असता. मी घंटेकडे बोट नेत राहिलो, ती कानाशी येईपर्यंत. तिथे नांगर टाकला, तेव्हा कुठे मेहुणा खाली बसला.

बराच वेळ तो पडद्याची बटणं दाबत होता. मग थांबला.

“नकाशाची दुरुस्ती ताईने यातही घातली आहे,” तो म्हणाला. “कधीची असेल कुणास ठाऊक. डबीत माझी, पडद्यात तिची. तेवढंच अंतर दोनदा धरलं गेलं. आपण सगळा वेळ डावीकडे होतो.”

“मग तुझी काढ.”

“त्याला लॅपटॉप लागतो. तो घरी आहे.” त्याने वर बघितलं नाही. “आत अजून एक वळण आहे, दाजी. तिथे घंटा नाही. आता काढायची तर तिचीच काढावी लागेल.”

धुकं हलत नव्हतं आणि ओहोटी लागली होती. थांबलो असतो तर खालची वाळू लागली असती. मी पडदा माझ्याकडे वळवला. तिने घातलेला आकडा तिथे होता, दशांशचिन्हापुढे शेवटी एक शून्य जास्तीचं. प्रत्येक आकड्याला ती ते लावायची. राहू दे म्हणायची, शोभतं.

“लिहून घे,” मी म्हटलं.

कागद भिजलेले होते. त्याने पेनाने तळहातावर आकडा लिहिला आणि मला वाचून दाखवला. मी पुन्हा पडद्याशी ताडून पाहिला. मग एकेक अंक शून्यावर आणला आणि बटण दाबलं. बाण वळला. ‘गप्प’ आमच्या बाजूला आली, घंटेच्या अलीकडे, जिथे ती असायला हवी.

नांगर काढला. वळण गेलं, धक्का लागला. सगळा वेळ कोणी बोललं नाही. ‘घर’ आमच्याखाली आलं तेव्हा मी ते नीट बघितलं.

मेहुणा मासळीने आणि तेलाने माखलेले हात घेऊन नळाकडे निघाला.

“आधी लॅपटॉप आण,” मी म्हटलं. “तुझी काढ, तिची परत घाल. मग हात धू.”