काठोकाठ पेला

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. अंगावर पोचे, बूच दुसऱ्याच कुणाचं. पण पोटातली काच शाबूत आहे, आणि थर्मासला आणखी काय हवं?

किरगिझ डोंगरातल्या शामिर मेंढपाळाच्या घरात मी त्याच्या बायकोच्या, सैराच्या, हाताखाली राबलो. हिवाळाभर ती वाळलेली रानगुलाबाची लाल फळं ठेचून माझ्यात टाकायची आणि वर गरम पाणी ओतायची. फळं उकळायची मात्र नाही, उकळली की सत्त्व जातं. सकाळी फडक्यातून गाळायची, नाहीतर आतली कुसं घशात खाजतात. मग सैरा वारली आणि मी दोन हिवाळे फळीवर धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं.

यंदा म्हाताऱ्या शामिरच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. हिवाळाभर मांस आणि पाव, दुसरं काय जाणार पोटात? पायांत त्राण नाही आणि मेंढ्या विण्याचे दिवस तोंडावर आलेले. दवाखान्यातल्या नर्सनं गोळ्या दिल्या, वर म्हणाली की क जीवनसत्त्व कमी पडतंय, आणि रानगुलाबाच्या फळांत ते लिंबापेक्षा कितीतरी जास्त असतं.

नवी सून बेगायिम हिनं मला खाली काढून घासलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तीन दिवस तिनं सासऱ्याला रीतीप्रमाणे त्या फळांच्या पाण्याचा अर्धा पेला दिला. तो तेवढा घेऊन उठायचा. चौथ्या दिवशी तिनं पेला काठोकाठ भरला.

झालं! आमच्याकडे पेला अर्धाच भरतात, पुन्हा पुन्हा वाढता यावं म्हणून. काठोकाठ भरला तर अर्थ एकच, प्या आणि वाटेला लागा. म्हाताऱ्यानं पेल्याला हातसुद्धा लावला नाही. टोपी चढवली आणि बर्फातून थोरल्या मुलाकडे जायला निघाला.

सासऱ्यापुढे कधी तोंड न उघडणारी बेगायिम त्या दिवशी बोलली.

"बाबा, रीत मला ठाऊक आहे. पण अर्धा दिला की तुम्ही तेवढ्यावरच उठता. उरलेलं मी काय मेंढ्यांना पाजू?"

म्हातारा उंबऱ्यात थबकला. 

"आंबट लागतं गं," तो पुटपुटला. "सैरा मध घालायची."

मध आला, पेला रिकामा झाला.

कोकरं जन्मली तेव्हा त्यांना उचलायला म्हातारा स्वतः गोठ्यात होता. मित्रांनो, तुमच्याही फळीवर कुणी जुनं पडलं असेल, त्याला एकदा घासून बघा. मी आता रोज सकाळी भरलेला असतो. म्हातारा पेला पुढे करतो आणि सुनेला सांगतो, "भर काठोकाठ. मला कुठंही जायचं नाही."