डावा घोटा

रविवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी अमेरिकेतल्या कॉटनवुड गावच्या चर्चमध्ये गोळी सुटली. पियानो वाजवणाऱ्या नोरीन प्रुइटने चष्म्यासाठी पायाशी ठेवलेल्या पर्समध्ये हात घातला होता. चष्म्याची काडी तिच्या छोट्या पिस्तुलाच्या ट्रिगरमध्ये अडकली. गोळी पर्सचा तळ फोडून तिच्या उजव्या पावलातून आरपार गेली आणि जमिनीच्या फळीत रुतली. तिचा नवरा वेन्डल दारावर पहाऱ्याला उभा होता. तो धावत पुढे पोहोचला तेव्हा खोगिरं शिवणारा रॉइस टॅकेट आधीच गुडघ्यांवर बसून तिच्या पायाला स्वतःच्या गळ्यातला रुमाल आवळत होता.

वेन्डल तीस वर्षे पिस्तूल अंगाशी बाळगायची चामडी म्यानं, म्हणजे होल्स्टर, शिवत आला आहे. सात आठवड्यांपूर्वी नोरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक नवे होल्स्टर ठेवले होते. घोट्याला बांधायचे, आतून मेंढीच्या लोकरीचे अस्तर. वेन्डलने ते उलटे केले आणि टाके पाहिले. बारीक, एकसारखे, शेवटचे तीन मागे वळवलेले. असे टाके त्या भागात एकच माणूस घालत असे.

"हे रॉइसचं."

"हो. चर्चच्या जेवणात म्हणाला, 'तू झगा घालून वाजवायला बसतेस, कमरेला पट्टा कुठला? वेन्डलने दिलेलं कमरेचं होल्स्टर कपाटातच पडलं असेल.'"

"पडलंय?"

"दोन वर्षं."

वेन्डलने बंद लावून पाहिला. "डाव्या पायाचं आहे."

"उजवा पियानोच्या पेडलवर असतो ना. त्याच्या लक्षात आलं."

सव्वीस वर्षांच्या संसारात वेन्डलच्या ते कधी लक्षात आले नव्हते. दर रविवारी तो दाराशी उभा राहून बाहेरच्या गाड्या पाहत असे. रॉइस तिसऱ्या रांगेत बसे.

"माप कोणी घेतलं?"

"मीच, शिवणाच्या टेपने. तोंड बघ आरशात, लिंबू चावल्यासारखं झालंय."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर त्याने तिचे पिस्तूल रिकामे केले, दोनदा तपासले आणि त्या होल्स्टरमध्ये बसवले. उलटे धरून झटकले. ट्रिगरवर येणारे चामडे बाहेरून अंगठ्याने दाबले. ते दबले नाही. मग ते स्वतःच्या पायाला बांधून तो अंगणात चालला, शिडी चढला, उतरला, खाली वाकला. पिस्तूल तसूभर हलले नाही. त्याने चामडे पुन्हा दाबले, या वेळी दोन्ही अंगठ्यांनी.

संध्याकाळी तो म्हणाला, "हे घालू नकोस. ट्रिगरवरचं चामडं मऊ पडणार. वाकलीस की आत दाबेल."

"खरंच? रॉइस तर म्हणाला—"

"रॉइस खोगिरं करतो. घोड्याला ट्रिगर नसतो."

नोरीन हसली. "मग तूच करून दे, बाबा. तोवर पर्समध्ये टाकते."

पर्समध्ये पिस्तूल उघडे टाकू नका, हे वेन्डल प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. त्या संध्याकाळी तिला मात्र तो या आठवड्यात करतो, एवढेच म्हणाला. सात आठवड्यांत त्याने तीन होल्स्टर कापली. तिन्ही रॉइसच्यासारखी दिसू लागली, तेव्हा तिन्ही कातड्याच्या कचऱ्यात गेली.

गोळी सुटली त्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास शेरीफच्या पोलीस कार्यालयातली डेप्युटी ओलिव्हास इस्पितळात आली. नोरीन पाय उंचावर टांगून पडली होती. पायाची बोटे हलतील की नाही, ते बुधवारी कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रॉइस बाहेर बाकावर हॅट मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडे होते.

"वेन्डलकाका, सकाळी चर्चमध्ये काकू म्हणाल्या, रॉइसच्या होल्स्टरमध्ये खोट होती, तुम्ही वापरू दिलं नाहीत."

"यानेच वाचवलं मला," नोरीन औषधाच्या गुंगीत म्हणाली. "पर्सचा गाढवपणा माझा. रागावू नकोस हं, वेन्डल."

वेन्डलने तिच्या पांघरुणाची कड सरळ केली.

"टॅकेटने तशी आणखी चार विकलीत," ओलिव्हास म्हणाली. "एक माझ्या आईला. मघाशी चर्चमध्येच पायातून काढायला लावलं." तिने ते खिशातून काढून वेन्डलच्या हातात दिले. "या कामातलं तुमच्याएवढं कोण जाणतं? खोट नेमकी कुठे आहे, दाखवा. बाकीची तीन आजच गोळा करते."

टाके तेच होते. वेन्डलने ट्रिगरच्या जागेवर अंगठा ठेवला, दाबला नाही. बाहेर रॉइस उठून उभा राहिला होता.

"आईचं पिस्तूल कुठे आहे?" वेन्डलने विचारले.

"तिच्याजवळच. पर्समध्ये टाकलंय."

"आणि ती?"

"चर्चच्या स्वयंपाकघरात. आजच्या गडबडीत जेवणं उशिरा झाली, पोरांना वाढतेय. का हो?"

नोरीनने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. "सांग ना तिला."

दोन वाजून पाच मिनिटांनी ओलिव्हासच्या जबाबाच्या वहीत वेन्डलचे नाव, वय आणि धंदा एवढेच लिहून झाले होते; खोट कुठे आहे, ती ओळ कोरी होती.