ग्राउंडातला खुंटा

हाफ टाइमला सत्यजीत धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाग्या, तू वैशूला घेऊन घरी जा. आज काही खरं दिसत नाही." मी मान हलवली. तो परत गॅलरीत, क्लबसाठी ओरडणाऱ्या त्याच्या पोरांत जाऊन उभा राहिला.

मी गेले नाही. वैशू क्लबच्या ऑफिसात पंख्याखाली झोपली होती. आमची तीन वर्षांची पोर, सकाळपासून उन्हात किरकिरत होती, आत्ता कुठं डोळा लागला होता. शिवाय मी तिथं असले की सत्यजीत जरा हात आवरतो. मी बघत असते हे त्याला माहीत असतं.

कुठंही गेले की आधी जागा हेरून ठेवायची माझी सवय. बाहेर पडायची वाट कुठली, कोण प्यायलेलं आहे, कुठली भिंत पडायला झाली आहे. सासूबाई म्हणतात, हिला पोलिसात घालायला पायजे होतं. त्या दिवशीही मी सगळं पाहून ठेवलं होतं. पत्र्याची गॅलरी गंजलेली, पाण्याच्या टाकीपाशी दारूचा वास. अख्ख्या ग्राउंडवर पक्कं बांधकाम म्हणजे एकच, क्लबचं ऑफिस. स्लॅब, लोखंडी शटर, जाळीची खिडकी. चहावाल्या गिताबाई तिथंच बसलेल्या. त्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, "बिनघोर जावा. मी हाय की."

सामना शिरूरशी होता. शिरूर माझं माहेर. म्हाळू गळ्यात हलगी अडकवून फिरत होता, मला बघून थांबला. "वहिनी, आज कुणाकडनं? माहेराकडनं का सासराकडनं?"

"जो चहा पाजेल त्याच्याकडनं."

"मग अध्यक्षाकडनं, पोपटरावाकडनंच बसा. आमच्याकडं निस्ता घाम हाय."

सगळे हसले. सत्यजीत हसला नाही. रांजणगावच्या कंपनीत नाइट करून, न झोपता आला होता. डोळे तांबडे, अंगात क्लबची तांबडी जर्सी. आठ वर्षं त्यानं याच ग्राउंडवर गोल सांभाळला. त्याच्या आधी रेल्वेत असलेले माझे सासरे इथंच खेळले. आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी संघाचा फोटो आहे. आज हरलो की क्लब खालच्या गटात जाणार होता, पहिल्यांदाच.

आणि त्याला कारण एकच, असं दौंडातलं शेंबडं पोरही सांगेल. पोपटराव अध्यक्ष झाल्यापासून ग्राउंड लग्नांना भाड्यानं जायला लागलं. तुळशीच्या लग्नापासून मांडव पडायचे ते उन्हाळ्यापर्यंत. पोरं सराव करायची वाढप्यांच्या बाजूनं. कुणी विचारलं की पोपटराव हात जोडून म्हणायचे, "पुढच्या सीझनला बघा." लॉन येणार होतं, आलं नाही. गोव्याचा कोच येणार होता, तो कुरकुंभला जिम चालवणारा निघाला. ॲम्ब्युलन्स उभी असेल म्हणून या सामन्याच्या आधी त्यांनी शप्पथ खाल्ली होती. सत्यजीतचं एक वाक्य ठरलेलं होतं, त्याच्या सगळ्या पोरांनी ते पाठ केलं होतं: "पोपटरावानं दिवसाला दिवस म्हणलं, तर बाहेर जाऊन बघून यायचं."

आदल्या दिवशीही तिथं लग्न होतं. कोपऱ्यात थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा ढीग तसाच. मांडवाचं कापड ऑफिसच्या मागं रचलेलं. आणि जमिनीत सगळीकडं खुंट्यांची भोकं.

एक खुंटा मात्र काढायचा राहिला होता.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा कॅप्टन महेंद्र बॉल घेऊन उजव्या कडेनं सुटला. म्हाळूची हलगी चढली, सगळे उभे राहिले, मीही. पाय घसरवून महेंद्रनं बॉल आत टाकला आणि तसाच घसरत गेला. मग त्याची किंकाळी आली. माणसाचा असा आवाज मी बाळंतपणाच्या वॉर्डातच ऐकला होता. खाली मातीतून वीतभर लोखंड वर आलेलं, त्यावर एक पत्रावळ पडलेली. नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उघडली होती. आतलं पांढरं मला गॅलरीतून दिसलं.

ॲम्ब्युलन्स नव्हती. मांडववाल्याच्या टेंपोत, खुर्च्यांच्या थप्पीवर महेंद्रला आडवा घातला. टेंपो फाटकातून बाहेर पडतोय तोच माइकवर पोपटरावांचा आवाज आला, "किरकोळ आहे, किरकोळ आहे. खेळ चालू ठेवा. पाव्हणे मंडळी बसून घ्या."

ते शामियान्यात पाहुण्यांच्या मधोमध सोफ्यावर बसले होते. हातात सरबताचा ग्लास.

सत्यजीत ग्राउंडात उतरला. त्यानं तो खुंटा दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसला. हातभर लांब निघाला, खाली मातीनं माखलेला, वर रक्तानं. तो त्यानं डोक्यावर धरला. पाच-सातशे माणूस गॅलरीतून खाली ओतला.

मी आधी ऑफिसकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पोर पक्क्या भिंतींच्या आत आहे.

शामियाना पाहता पाहता खाली बसला. सोफे उलटे झाले. शिरूरची पोरं गोलच्या मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. खजिनदाराला दोघांनी शर्टाला धरून चुन्याच्या घमेल्यात तोंडघशी घातला, उठला तेव्हा त्याचं तोंड पांढरं आणि नाक लाल. पोपटराव वयाच्या मानानं जोरात पळाले. एक चप्पल राहिली, टोपी राहिली. ते पळत ऑफिसात शिरले आणि शटर खाली आलं.

तेव्हा माझ्या समोर गिताबाई उभ्या होत्या. हातात चहाची किटली.

"गिताबाई, वैशू?"

"आतच हाय की. निजलीया. मी पाव्हण्यांना च्या द्याया आलते..." आणि त्यांनी शटरकडे पाहिलं. किटली त्यांच्या हातातून पडली.

पहिला दगड शटरवर बसला तेव्हा मी पळत होते. पळता येत नव्हतं, सगळी पाठच पाठ. "माझी पोरगी आत आहे! अहो, पोरगी आत आहे!" मी ओरडत होते आणि हलगी वाजत होती. म्हाळू डोळे मिटून वाजवत होता. मी सत्यजीतला फोन लावला. तो त्याच्या खिशात वाजत असणार. एकाचं कोपर माझ्या छातीत बसलं, एकानं "ए बाई, मागं हो" म्हणून ढकललं. मी खाली पडले, कुणाचा तरी बूट हातावर पडला, तसाच हात ओढून उठले.

खिडकीची काच फुटली. जाळीमागं पोपटरावांचं तोंड दिसलं. कपाळातून रक्त डोळ्यात उतरलेलं.

"अरे थांबा! हितं लहान पोरगी हाय! दगड मारू नका रं, पोरगी हाय हितं!"

क्षणभर खरंच सगळं थांबलं. मग कुणीतरी ओरडलं, "आन् गोव्याचा कोच पण आतच हाय का?" हशा पिकला. हसत हसतच पुढचे दगड गेले.

"आईशप्पथ सांगतो! सत्याची पोरगी हाय! सत्यजीत, तुझी पोरगी हाय रं!"

सत्यजीत शटरच्या अगदी पुढं होता. त्यानं पोरीला घरी पाठवलेली होती. माझी हललेली मान त्यानं स्वतः पाहिली होती. त्याचा चेहरा मला गर्दीतून दिसला. तसा तो मी कधी पाहिला नव्हता.

"माझ्या पोरीचं नाव घेतो व्हय रं, भाडखाऊ?" आणि त्यानं खुंटा शटरवर घातला. पुन्हा घातला. शटर मधोमध वाकलं.

ऑफिसच्या मागून धूर आला. मांडवाचं कापड कुणीतरी पेटवलं होतं. कोणी, ते आजवर कळलेलं नाही. त्यावर पत्रावळ्यांचा थर्माकोल टाकलेला, त्याचा धूर काळा आणि जाड. तो वाऱ्यानं भिंतीवर दाबला जात होता आणि मागच्या झरोक्यातून आत शिरत होता.

लोकांसमोर मी नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "सत्या! सत्या!" करत मी शेवटच्या माणसांच्या पायांमधून गेले आणि त्याच्या उचललेल्या हाताला लोंबकळले. त्यानं न बघता झटका दिला. खुंट्याचं मागचं टोक माझ्या तोंडावर बसलं. दोन दात जिभेवर आले. मी ते थुंकले आणि परत त्याचा हात धरला.

आता त्यानं पाहिलं.

"तू घरी..."

"आत आहे," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं, शब्द नीट येत नव्हता. "वैशू आत आहे. मी गेलेच नाही."

त्यानं शटरकडे पाहिलं, त्यानंच वाकवलेल्या. मग तो गुरासारखा ओरडला. खाली वाकून शटर उचलायला लागला, पण बाक आलेलं शटर पट्टीत अडकून बसलं होतं, इंचभर हलेना. त्यानं तोच खुंटा खालच्या फटीत घातला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. चार-पाच पोरं आली, आत्ता दगड मारणारीच. कुणी बोटं घातली, कुणाची नखं गेली. आतून खोकण्याचा आवाज येत होता, मोठ्या माणसाचा. लहान आवाज येत नव्हता. मी तोच ऐकायचा प्रयत्न करत होते आणि तो येत नव्हता.

शटर दोन फूट वर गेलं. धूर पायांवर आला. मग पोपटराव गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. छातीशी वैशू, तिच्या तोंडावर ओला पंचा. त्यांनी तो बाजूला केला. ती खोकली, मग रडली. जोरात, रागानं रडली.

हलगी अजून वाजत होती. पोपटराव उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी वैशूला घट्ट धरलं. पाच पावलांवर अर्धगोल करून माणसं उभी. दगड हातातच. कुणी पुढं येईना.

"द्या तिला," मी म्हणाले.

त्यांनी दिली नाही. माझ्याकडे बघत हळू म्हणाले, "ताई, पोरगी सोडली की हे मला जित्ता ठेवणार न्हाईत. फाटकापतूर मला चालू द्या. तुम्ही बी संगं चला. फाटकापतूर फकस्त."

खरं बोलत होते. मी ती माणसं पाहिली. त्यांचे डोळे पोरीवर नव्हते, पोर बाजूला कधी होते यावर होते. पंचा ओला करून पोरीच्या तोंडावर धरणारा माणूस होता तो, आणि त्याच पोरीला ढालीसारखं धरून उभा होता. फाटक शंभर पावलं लांब. मधे दगड घेतलेली माणसं. एकाचा जरी हात सुटला तरी दगड कुणाला लागेल, हे कोण सांगणार होतं?

"द्या," मी पुन्हा म्हणाले.

"ताई, पाया पडतो."

मी त्यांची बोटं धरली आणि एकेक उलटी वळवली. करंगळीचा आवाज झाला. ते ओरडले नाहीत. चौथ्या बोटाला हात सैल झाला आणि वैशू माझ्या खांद्यावर आली.

मी वळले. माणसं बाजूला झाली, अगदी अदबीनं, माझ्यासाठी वाट करून दिली. सत्यजीत माझ्याबरोबर चालायला लागला. खुंटा अजून त्याच्या हातात होता. चालता चालता कुणीतरी हात पुढं केला. सत्यजीतनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. खुंटा देऊन टाकला.

आमच्या मागं वाट लगेच मिटली. पहिला आवाज आला तेव्हा मी वैशूचं डोकं मानेत दाबून धरलं, कान माझ्या हाताखाली. स्वतःचे कान झाकायला हात उरला नव्हता. ते "आई" म्हणाले. मग नुसता आवाज. सत्यजीत थांबला. मी त्याची जर्सी धरून ओढली. तो आला.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा हलगी थांबली. वैशूनं तोंड वर काढलं. तिच्या मुठीत ओला पंचा होता.

"आई," ती म्हणाली, "आजोबांचा राहिला."