पाचोडला टाकीन

माझा स्वभाव तापट आहे, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी कळतं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी फॅमिली मेडिसिन शिकवतो. एमबीबीएस झालेल्या मुलामुलींनी तीन वर्षं माझ्या हाताखाली निवासी डॉक्टर म्हणून काढायची आणि मग गावोगावी जाऊन बसायचं, असा या शिक्षणाचा हेतू. पाचोडला आमच्या विभागाचं छोटं केंद्र आहे. तिथं प्रत्येकानं सहा महिने काम करावं, असं कागदावर लिहिलेलं. पण शहरातल्या वॉर्डात माणसं कमी पडायची, म्हणून मी त्या सहा महिन्यांचे पंधरा दिवस करून टाकले होते.

वर आणखी एक शहाणपणा. कुणी केसपेपर अर्धवट भरला, राउंडला उशिरा आला, की मी म्हणायचो, ‘नीट काम करा, नाहीतर पाचोडला टाकीन.’ पोरं हसायची. आपण फार विनोदी आहोत असं मलाही वाटायचं. आणि मी खरंच टाकायचो. शिक्षा झालेला तिथं तोंड पाडून जादा महिना काढायचा.

तनुजा मूळची पाचोडची. वडील केरबा आधी मेंढरं राखायचे, आता थोडी शेती करतात. पहिल्याच वर्षी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि मला पुरे सहा महिने पाचोडला द्या म्हणाली. शिकून तिथंच दवाखाना चालवायचा, असं तिचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, आधी पंधरा दिवस जाऊन ये.

त्या पंधरवड्यात एका बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेलो. ओपीडीत ही गर्दी. मनकर्णाबाई नावाच्या म्हातारीनं ‘जीव घाबरतोय’ म्हणून सांगितलं. शहरात वाढलेल्या सुदर्शननं, माझ्या दुसऱ्या निवासी डॉक्टरनं, ‘घाबरू नका आजी’ म्हणत झोपेची गोळी लिहून दिली. म्हातारी दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात तनुजानं तिला माघारी बोलावलं.

‘आजी, घाबरतंय म्हंजी कसं? छातीत काय व्हतंय?’

‘सकाळधरनं दगड ठिवल्यावानी झालंय बाई.’

ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. आमच्याकडं जीव घाबरतो म्हणणारा माणूस भ्यालेला असतोच असं नाही, हे तनुजाला पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. अँब्युलन्समध्ये ती स्वतः बसून आली आणि म्हातारी वाचली.

मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्याच दिवशी मी तिला शहरात परत बोलावून घेतलं. एवढा चांगला हात मला माझ्या वॉर्डात हवा होता. ‘तुझ्यासारखीनं इथं कुजायचं नसतं,’ असं तिचं सामान आणायला गेलो तेव्हा मी तिला पाचोडला तिच्या घराच्याच ओसरीवर म्हणालो. केरबा शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

पुढं तिनं दोनदा पाचोड मागितलं. दोन्ही वेळा मी पुढच्या पाळीवर ढकललं. मग तिनं मागणं सोडलं. राउंडवर माझ्या त्या वाक्याला बाकीच्यांबरोबर तीही हसायला लागली, आणि पोरगी आता आपल्यात रुळली म्हणून मी खूश झालो.

या वर्षी पाचोडच्या डॉक्टर सत्यभामा यांनी निवृत्ती घ्यायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत नवा डॉक्टर मिळाला नाही तर केंद्र बंद, असं वरून आलं. माझ्या मनात एकच नाव होतं. तनुजाचा निकाल लागल्यावर मी तिला बोलावलं, चहा मागवला आणि मोठ्या थाटात सांगितलं, ‘तुला पाचोडला पाठवायचं ठरवलंय.’

तिचा चेहरा उतरला.

‘सर, माझं काय चुकलं?’

ती चेष्टा करतेय असं वाटून मी हसलो. ती चेष्टा करत नव्हती. मग मी अर्धा तास बोलत राहिलो. तुझं काही चुकलं नाही, हा मान आहे, तिथं तुझ्याइतकं चांगलं काम कुणीच करणार नाही, सगळं सांगितलं. तिनं ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

‘तिथं कुणाला पाठवतात ते मी तीन वर्षं बघितलंय, सर,’ एवढंच ती म्हणाली. शहरालगतच्या बजाजनगरमधल्या एका हॉस्पिटलला तिनं होकार कळवला होता. जाताना ती माझ्या पाया पडली. मला तिला आशीर्वादसुद्धा देता आला नाही.

आठ दिवसांनी केरबांचा फोन आला.

‘सायब, सत्यभामाबाई चालल्या. आमी पोरीला लई इनवलं, ती नाय म्हणती. तुमी एकडाव सांगून बघा. तुमचं लई ऐकती ती.’

त्यांचं खरं होतं. तिनं माझा शब्द न् शब्द ऐकला होता.