कोरडा उजेड

"टॉर्च इथे नाही उघडता येणार. वारा बघ केवढा सुटलाय," शशिकलाबाई म्हणाल्या.

विहिरीच्या काठावर उभा असलेला बचाव पथकाचा पाणबुड्या अंबरीश नखशिखान्त भिजला होता. खाली उतरताना त्याच्या हातातली टॉर्च दगडावर आपटून फुटली होती. "ताई, दुसरी जल्दी द्या. मोनू आत जिवंत आहे. पाइपावर ठोकतोय."

देवास जिल्ह्यातल्या सतवासजवळच्या त्या विहिरीच्या पोटात एक आडवी सुरंग, म्हणजे अरुंद भुयार होतं. मोनू तिच्यातला गाळ काढायला शिरला आणि मागे झरा फुटला. बघता बघता सुरंगेचं तोंड बुडालं. सुरंग आत चढती होती, म्हणून टोकाला तो कोरड्यात अडकून बसला होता. एका जुन्या लोखंडी पाइपातून त्याला हवा मिळत होती, आणि त्याच पाइपावर तो दगडाने ठोकत होता. पंप सारखे पाणी उपसत होते, पण पाणी हटायचं नाव घेत नव्हतं.

शशिकलाबाई देवासहून बचाव पथकाच्या गाडीतून आल्या होत्या. लग्न होऊन त्या देवासला आल्या त्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी. तो गेल्यावर पथकाच्या स्टोअरमध्ये लागल्या. दोर, जॅकेटं, टॉर्च सांभाळायचं काम. पाण्यात न्यायच्या टॉर्चच्या झाकणाखाली रबराचं कडं असतं. ते काढून पुसायचं, खाच साफ करायची, ग्रीसचं बोट फिरवायचं, झिजलं की बदलायचं. कुणी विचारलं तर त्या हसून सांगायच्या, "रबरं पुसते." पुसलेल्या टॉर्च पुढे कुठे जातात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज सामानाबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या आल्या.

टॉर्चमध्ये सेल घालायचे तर झाकण उघडणं भाग होतं. शेजारच्या खळ्यावरचा सोयाबीनचा भुसा सगळीकडे उडत होता. कड्यावर एक कण बसला असता, तरी पाणी आत शिरलं असतं.

इतक्यात त्यांच्यावर लाल सावली पडली. मोनूची बायको गुड्डी शेजारी येऊन बसली होती. तिने आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेतली आणि काठ गुडघ्यांखाली दाबून धरले.

ओढणीतून झिरपणाऱ्या उजेडात शशिकलाबाईंनी झाकण फिरवून सेल घातले. कडं चाचपताना नखाला बारीक चीर लागली. त्यांनी डबीतून नवं कडं काढलं, ग्रीस लावलं आणि पीळ पडू न देता खाचेत बसवलं. गुड्डी श्वाससुद्धा तोंड वळवून सोडत होती.

"बाई, या पाणी में बुझेगी तो नी?"

शशिकलाबाई कशाची हमी देणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवऱ्याच्या आजारपणात मुलांनाही "बघू" एवढंच म्हणाल्या होत्या.

"नहीं बुझेगी," त्या म्हणाल्या आणि झाकण आवळलं.

अंबरीश टॉर्च घेऊन बुडाला. बऱ्याच वेळाने दोर चाचपत वर आला, तो रिकाम्या हातांनी.

"टॉर्च कुठाय?"

"त्याच्याजवळ ठेवली, ताई. फार घाबरलाय. पाण्यातून बाहेर आणायला मास्क लावावा, तर लावूच देत नाही. उजेड बघून लहान पोरासारखा रडला. पाणी उतरेपर्यंत बसू दे त्याला तिच्यासोबत."

शशिकलाबाई काठाशी जाऊन वाकल्या. काळ्या पाण्याखाली, खडकाच्या पोटातून फिकट हिरवा उजेड येत होता. पाणी हललं की तोही हलायचा, पण विझायचा नाही. एवढं पाणी, एवढा खडक, आणि मधे बांगडीहून बारीक ते रबराचं कडं! त्यांच्या अंगावर काटा आला. गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं, तसं काहीतरी त्यांना वाटलं. पायातल्या चपला केव्हा काढल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

पाइपावरचं ठोकणं आता संथ झालं होतं. गुड्डी त्यांच्या दंडाला धरून खाली बघत होती.

"दिखी री हे," ती पुन्हापुन्हा पुटपुटत होती. "दिखी री हे."

ऊन उतरायच्या आत सुरंगेचं तोंड उघडं पडलं. अंबरीशने मोनूला दोराने बांधून वर आणलं. त्याचं सगळं अंग चिखलाने माखलं होतं. उन्हाने डोळे उघडत नव्हते. गुड्डीने त्याचा चेहरा ओढणीने पुसला. रडली मात्र नाही.

"अकेलो नी थो," तो तिला म्हणाला. "लाग्यो के कोई पास में बेठ्यो हे."

त्याला गाडीत बसवलं. अंबरीशने शशिकलाबाईंकडे पाहिलं. "ताई, टॉर्च परत घ्यायची?"

शशिकलाबाईंनी मान हलवली. "राहू दे अजून."

मोनूच्या मुठीत ती टॉर्च तशीच होती. ऊन इतकं लख्ख होतं की ती पेटलेली आहे हे दिसतही नव्हतं. पण ती बंद करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही.