पिवळा कोण चालवतोय

शालू काहीच करत नव्हती आणि तरीही नवऱ्याला मारत होती. निदान टीव्हीवर तरी तसंच दिसत होतं. डावीकडचा निळ्या कपड्यांतला पैलवान म्हणजे हनुमान, उजवीकडचा पिवळ्या कपड्यांतला म्हणजे शालू. निळा नुसता उभा होता आणि पिवळा त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवत होता. शालूने हातातल्या रिमोटकडे पाहिलं. अंगठा बटणावर टेकलेला होता, दाबलेला नव्हता. परवापर्यंत हाच पिवळा गुमान मार खायचा, आज त्याला कसला चेव आला हे तिला काही केल्या कळेना.

"हात गेला," हनुमान म्हणाला. लकव्यानंतर त्याचे शब्द जड यायचे, पण हे दोन अगदी स्वच्छ आले. त्याने डाव्या हाताने उजवा उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.

त्या घरात या हातापुढे दुसरा विषयच नव्हता. शिमग्याच्या आठवड्यात लकवा मारला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस काढून हनुमान घरी आला तेव्हा बोलणं-चालणं बरंचसं परत आलं होतं, उजवी बोटं मात्र रुसलेली. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शालूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत बोटं जेवढी चालतील तेवढी आपली, पुढं फारसा फरक पडत नाही. त्यातले चार सरत आले होते. रबरी चेंडू दाबायला दिला की हनुमान तो कॉटखाली घालवायचा. वाटीतले हरभरे उचलायला सांगितले, तर डाव्या हाताने खाऊन मोकळा व्हायचा.

शेवटी पुण्याला नोकरीत असलेल्या त्यांच्या मुलाने, अंगदने, बापाची नाडी ओळखली. वीस वर्षांपूर्वी हनुमानचं फुलंब्रीच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दोन मशिनी, एक स्टूल, आणि मारामारीच्या गेममध्ये निळा पैलवान फक्त मालकाचा. तालुक्यात त्याला कुणी हरवलं नव्हतं, असं तो सांगायचा, आणि खोटं ठरवायला कुणी समोर यायचं नाही. पुढं दुकान बंद झालं, तो शहरात येऊन रिक्षा चालवू लागला. अंगदने तेच जुने गेम साबणाच्या डबीएवढ्या कम्प्युटरात भरले आणि ती डबी टीव्हीला जोडली. एकाच कंपनीचे दोन रिमोट आणले. त्यातला बापाचा उघडून लाकडी फळीवर पक्का बसवला, मोठी लाल बटणं लावली, मनगटाखाली स्पंज चिकटवला. म्हणजे मुठीत धरायला नको, नुसतं दाबायचं.

शालूचं काम सोपं होतं. हरायचं. संशय येऊ नये म्हणून ती अधूनमधून एखादी उडी मारायची आणि बाकीचा वेळ मनात संध्याकाळची भाजी चिरत मार खायची. हनुमान मात्र दीड-दीड तास बटणं बडवायचा आणि त्याला पत्ताही लागायचा नाही की हा व्यायाम आहे. महिनाभरात तो सदऱ्याची खालची दोन बुटनं स्वतः लावायला लागला. "हिला रोज धुतो मी," असं तो गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. शालू मान खाली घालून हसायची. एवढ्या आनंदाने ती आयुष्यात कधी हरली नव्हती.

आणि आता हे. पिवळा आणखी चवताळेल म्हणून शालूने उडीचं बटणही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही निळा तसाच ढिम्म. तिसऱ्या दिवशी हनुमानने फळी सरकवून दिली.

शालूने पुण्याला फोन लावला.

"अरे अंगद, माझा पिवळा आपोआप चालू राहिला. मी हात लावत नाय, तरी तुझ्या पप्पांना हाणू राहिला."

"बटण अडकलं असेल आई. ब्रशनं साफ कर. पाणी लावू नको."

पाणी लावायला होतं कुठं म्हणा. त्यांची कॉलनी फुलंब्री रोडच्या आत. पाच वर्षांपूर्वी तिथं ज्वारी होती, आता गल्ल्यांना नंबर होते, घरांवर घरं चढली होती, पण नळ अजून पोचले नव्हते. मृग कोरडा गेलेला. टँकर आठव्या दिवशी यायचा आणि दारातले ड्रम भरून जायचा. ते पाणी छोट्या मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटरीची पिन हॉलमधल्या एकाच बोर्डात बसायची, पाइप हॉलमधून जिन्याकडं जायचा आणि जाताना दोन ठिकाणी गळायचा. म्हणून टँकरच्या दिवशी शालू सगळ्या वायरी उपसायची, कम्प्युटर आणि रिमोट पिशव्यांत बांधून कपाटावर टाकायची, आणि फरशी पुसून झाली की सगळं पुन्हा जिथल्या तिथं लावायची. या टापटिपीचा तिला अभिमान होता.

तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने आपला रिमोट घासून घासून काढला. फरक शून्य. पाच दिवस हनुमान खेळायला बसला नाही. मग टँकर आला, पाणी चढलं, सामान परत लागलं, आणि तिने हातापाया पडून नवऱ्याला टीव्हीसमोर बसवलं, तर काय, निळा टणाटण उडतोय आणि पिवळा मुकाट मार खातोय. ब्रशला हळदकुंकू वाहायचं तेवढं तिने बाकी ठेवलं. हनुमानने त्या आठवड्यात सदऱ्याचं तिसरं बुटनही लावलं.

पुढचा टँकर आला आणि पिवळा पुन्हा उठला.

आता मात्र शालूचं डोकंच चालेना. रिमोट तेच, टीव्ही तोच, बसायच्या जागा त्याच. तिने रिमोट पुन्हा ब्रशने घासला, उन्हात ठेवला, वायर ताणून पाहिली. मनात एकदा असंही येऊन गेलं, की हातच खरंच गेला असेल आणि मधला आठवडा म्हणजे नुसता दिव्याचा शेवटचा भडका असेल. या विचाराने तिला ओट्यासमोर उभ्या उभ्या रडू आलं. हनुमान तर चमचाही डाव्या हाताने धरायला लागला होता. बुटनं लावायला गेली तर म्हणायचा, "लाव तूच. माझ्यानं नाय व्हत."

"एकदाच बसा," ती म्हणाली. "शेवटचं. मग नाय म्हणणार."

तो बसला, पण रागाने. गेम सुरू झाला तसा तो लाल बटणं अशी बडवू लागला की फळी कॉटवर नाचायला लागली. निळा हलला नाही. पिवळ्याने त्याला कोपऱ्यात घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याचा वास आला, शालूने रिमोट कॉटवर टाकला आणि धावली. गॅस बंद करून दारात आली आणि तिथंच थांबली. तिचा रिमोट कॉटवर उताणा पडला होता. त्याला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. पिवळा मात्र जोरात होता.

हनुमानने कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला. पिवळा थांबला. हनुमानने बटण दाबलं. पिवळ्याने लाथ मारली.

शालू दाराला धरून तीन वेळा हे पाहत राहिली. तिला आधी वाटलं, आपल्याला उन्हाने भोवळ आली असेल. मग तिने काही न बोलता फोन उचलला आणि जिन्यात गेली.

अंगदने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "आई, तू पिना काढते का?"

"टँकरच्या दिवशी काढते की. परत लावते पण बरोबर."

"कोणती कोणत्या भोकात?"

"बसती त्या भोकात. दोन्ही सारख्याच तर हायेत."

अंगदने कपाळाला हात लावल्याचा आवाज पुण्याहून ऐकू आला. रिमोट कुणाच्या हातात आहे हे कम्प्युटरला कळत नाही, त्याने समजावलं. पहिल्या भोकातला तो एक नंबर, तो निळा. दुसऱ्यातला पिवळा. तिने पिना उलट लावल्या की पप्पा पिवळे. आता एक तर पिना बदल, नाही तर सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदल. सेटिंग कसं उघडायचं तेही त्याने सांगितलं.

शालूचा कम्प्युटरवर विश्वास नव्हता आणि पिनांवर त्याहून नव्हता. म्हणून तिने दोन्ही केलं. पिना बदलल्या आणि सेटिंगही बदललं. मग दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन पाहिलं, तर फळीच्या बटणाने पिवळाच हलला. दोन्ही केलं म्हणजे काहीच केलं नाही, हे तिला पटायला अर्धा तास गेला. मग तिने सेटिंग होतं तसं केलं, पहिल्या भोकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि फळीचं बटण दाबलं. निळ्याने हवेत लाथ झाडली.

"अहो, या. झालं दुरुस्त."

"काय दुरुस्त? हात?" हनुमान भिंतीकडे तोंड करून पडला होता. "राहू दे शालू. दाबून दाबून थकलो. तिकडं काही पोचत नाय."

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शालू कॉटच्या काठावर बसली.

"पोचत होतं," ती म्हणाली. "पिना उलट्या लागल्या होत्या. माझ्याच हातून. तो पिवळा तुम्ही चालवत होते."

हनुमान वळला.

"म्हणजे मला मारत होता तो मीच?"

"व्हय."

त्याच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते मध्येच अडलं. दुकानात बसून वर्षानुवर्षं गेम पाहिलेला माणूस, त्याला हिशोब लावायला कितीसा वेळ लागणार. "मग निळा तुझ्याकडं होता. तो कामून उभा होता?"

शालू पदराशी चाळा करू लागली.

"शालू. तू काय करत होती?"

"काय नाय."

"आणि त्याच्या आधी? महिनाभर मी तुला धुतलं तेव्हा?"

"तेव्हापण काय नाय," ती म्हणाली. "तुमचा हात चालावा म्हणून. मला दुसरं काय सुचणार होतं?"

बाहेर कुणाच्या तरी ड्रमवर पत्रा आपटत होता. हनुमानच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला पाहवेना. लकव्याच्या दिवशीसुद्धा तो इतका लहान दिसला नव्हता. आपण एक वायर सरळ केली आणि बाकी सगळं मोडून ठेवलं, असं तिला वाटलं.

मग तो उठला. फळी स्वतः ओढून घेतली आणि मनगट स्पंजवर ठेवलं.

"लाव," तो म्हणाला. "आणि खेळ. खरं खेळ. हरली तरी चालंल, पण उभी राहू नको."

शालू खरं खेळली. सगळी बटणं एकदम दाबली, ओठ चावून, श्वास धरून. अर्ध्या मिनिटात पिवळा आडवा झाला. तिला वाटलं, नशीब, तोच जिंकला. दुसऱ्या डावात तिने निळ्याला कोपऱ्यात गाठलं, सलग चार लाथा घातल्या, त्याचा जीव रेघेएवढा उरला, आणि तेवढ्यात हनुमानचं ते जड बोट हळूच कुठलं तरी बटण दाबून गेलं, निळा तिच्या डोक्यावरून पलीकडं गेला आणि मागून एकच ठोसा. पिवळा पुन्हा आडवा.

"हे चीटिंग हाय," शालू म्हणाली.

"चीटिंग नाय. डाव हाय तो."

"मग मला आधी सांगितला कामून नाय? मी मारत होते ना, मरतच आले होते तुम्ही."

तिचे कान गरम झाले होते. गेले चार महिने ती या माणसाशी हळू बोलत होती, त्याच्या कलाने घेत होती, त्याने वाटी फेकली तरी गप्प उचलत होती. आता तिला त्याचा चांगला सणसणीत राग आला होता, आणि हनुमान त्या रागाकडे डोळे भरून बघत होता.

"परत लावा," ती पदर खोचत म्हणाली. "या बारीला सोडत नाय तुम्हाला."