ताणावरचं झाड

"मोठेबाबा, तुम्ही झाडाईले उपाशी काहून मारून राहिले?"

प्रश्न वैभवीचा नव्हता. काजल आणि माया या मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. नागपूरहून काटोलला येताना गाडीतच पैज लागली, की ज्यांच्याशी सगळं गाव जपून बोलतं त्या देवरावांना, म्हणजे वैभवीच्या सख्ख्या मोठ्या काकांना, तिनं हे तोंडावर विचारायचं. मागच्या वर्षीची वैभवी असती तर गाडीतून उतरलीच नसती. पण यंदाच्या स्नेहसंमेलनात तिच्या फोटोंना अख्खी भिंत देणार, असं शाळेतल्या बाईंनी सांगितल्यापासून तिची मान जरा ताठच झाली होती.

देवराव संत्र्याच्या दोन ओळींमध्ये उभे होते. जानेवारीचं ऊन, आणि बागेतलं एकूण एक झाड मलूल. पानं आत वळून द्रोणासारखी झालेली, काही पिवळी पडून गळलेली.

"उपाशी नाही वं, ताणावर आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे झाडाईचीबी दहावी आहे," माया पुटपुटली.

देवरावांनी ऐकलं. "तसंच समज. पाणी तोडल्याशिवाय संत्रा फुलावर येत नाही. नुसता पानं काढत बसते." आणि ते पाण्याच्या मोटारीकडे निघून गेले.

"पैज जिंकली तू," काजल म्हणाली. "पण तुह्या हिरोईनकडे पाह्य जरा."

हिरोईन म्हणजे टाक्याजवळचं झाड. मागच्या फेब्रुवारीत वैभवीनं बाबांच्या जुन्या मोबाइलवर त्याच्या एका फांदीवरच्या कळीचा फोटो काढला, आणि तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी बाबांच्या मागे लागून ती इथं यायची. पांढऱ्या पाकळ्या गळाल्यावर मागं उरलेला हिरवा मणी. पावसाळ्यात पानाच्या कडेला कुरतडलेली महिरप, आणि ती कुरतडणारी अळी, जी पाखराच्या शिटेचं सोंग घेऊन निवांत बसली होती. दिवाळीच्या सुमारास पिवळ्या होत चाललेल्या सालीवरचे बारीक खड्डे, इतक्या जवळून, की मायाला तो चंद्र वाटला. आता एकच फोटो राहिला होता. त्याच फांदीवर पुन्हा फूल. 'फुलापासून फुलापर्यंत' असं भिंतीचं नावही तिनं बाईंना देऊन टाकलं होतं.

आणि ते झाड असं मान टाकून उभं. मोठेबाबांचं म्हणणं वैभवीला कळलं होतं, पण त्या फांदीला हात लावल्यावर कळलेलं सगळं विरघळून गेलं. मैत्रिणी बांधावर बोरं वेचायला पळाल्या, तशी तिनं टाक्यातून बादली भरली आणि बुंध्याशी ओतली. मग आणखी एक. मग आणखी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. एवढ्या मोठ्या बागेत एक झाड पाणी प्यालं तर काय बिघडते, असं ती मनाशी म्हणायची. झाडाची पानं पुन्हा ताठ झाली, तेव्हा तर तिला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

फेब्रुवारीत, संमेलन चार दिवसांवर आलं असताना, सगळे पुन्हा काटोलला निघाले. या खेपेला आईही होती. गाडीची काच खाली केली आणि बाग दिसायच्या आधी तिचा वासच आत आला. ओळीच्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. मधमाशांचा आवाज मोटारीपेक्षा मोठा.

वैभवी धावत टाक्याजवळ गेली.

तिचं झाड हिरवंगार होतं. नवी, तुकतुकीत पानं. तिनं फांदी न् फांदी उलटून पाहिली. एक कळी नव्हती.

"बाजूच्या झाडाचा काढ नं," माया हळूच म्हणाली. "भिंतीवर कोणाले समजते?"

वैभवीनं काढला. पाकळीवर पालथी पडलेली मधमाशी, पायांना पिवळे परागकण. वर्षभरातला सगळ्यात सुंदर फोटो. तो पाहून तिला रडूच आलं.

मागून देवराव आले. त्यांनी चपलेच्या टोकानं बुंध्याची माती उकरली, मग पालथ्या बादलीकडे पाहिलं. "याले कोणं पाणी पाजलं?"

"मी," वैभवी म्हणाली. "मले पाहवत नव्हतं, मोठेबाबा."

आता बोलणी खावी लागणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. देवराव मात्र वळले आणि त्यांनी तिच्या बाबांना हाक मारली. "अमोल, इकडे ये गा. पाह्य, तुहीच पोरगी शोभते."

बाबांचे कान लाल झाले. "भाऊ, जाऊ दे नं आता."

"यानं तं ताणावरच्या झाडाईवर पाटच फोडला होता," देवराव वैभवीला म्हणाले. "चड्डीतलं पोरगं. अख्खी ओळ पानावर गेली. आमच्या बाबानं हात नाही लावला याले. म्हणे, मऊ जिवाले काय माराचं."

काजल तोंडावर हात धरून हसत होती. वैभवीनं डोळे पुसले. "मग आता हे कधीच नाही फुलणार?"

"कधीच काहून? मिरगात फुलन. मे महिन्यात ताण दे, पावसावर बहार येते. पण देणाऱ्याले काळीज घट्ट लागते, बाई."

परतताना मैत्रिणींना त्यांच्या घरी सोडलं. गाडीत तिघंच उरली. आईनं मागं वळून बाटली पुढे केली. "पाणी पी. दिवसभर उन्हात होती. काच वर कर."

वैभवीच्या मांडीवर मोबाइल होता. बोटानं ती एकदा माशीचा फोटो आणायची, एकदा निघताना काढलेला आपल्या झाडाच्या नुसत्या पानांचा. त्यात उन्हाकडे धरलेल्या नव्या पानाच्या शिरा तळहातावरच्या रेषांसारख्या दिसत होत्या. हे तिला आत्ता दिसलं.

तिनं बाटली घेतली, पण उघडली नाही.

"आईबाबा, ऐका. शेवटचा फोटो पानांचाच लागणार. भिंतीचं नाव बदलायचं, हे बाईंना मी सांगते. आणि मे महिनाभर मी मोठेबाबांकडे राहणार. त्या झाडाचं पाणी मीच तोडणार."

"मे महिन्यात?" आई म्हणाली. "काटोलच्या उन्हात? एकटी?"

बाबा आरशातून मागं पाहत होते.

"हो," वैभवी म्हणाली. "आणि पाणी प्याली का, हे विचाराले तू फक्त रविवारी फोन कराचा."